आम्ल पाणी आणि माशांची पिले

नदीतले मासे मेले की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाण्यात विष किती पडले? हा प्रश्न अपुरा आहे, हे पुरते कळायला शास्त्राला साठेक वर्षे लागली.

वेल्समधील कार्डिगनशायर परगण्यात राइडोल व अस्टविथ या नद्यांच्या परिसरात शिशाच्या खाणी होत्या. कॅथलीन कार्पेंटर या विदुषीने त्या नद्यांतील जीवसृष्टीवर १९२४ साली निबंध लिहिला, आणि १९२७ साली माशाच्या मृत्यूचे कारणही मांडले. धातूचे क्षार कल्ल्यांवरील बुळबुळीत स्रावाचा साका करतात. भोवती पाणी असूनही मासा गुदमरतो! आम्लता मोजण्याची पट्टी तेव्हा नवीच होती. कोपनहेगनच्या सोरेनसेनने ती १९०९ साली दिली. तिच्यावर एक अंक खाली उतरले की आम्लता दसपट होते.

त्या दसपटीचा अर्थ नॉर्वेत कळला. १९७५ च्या वसंतात तोवदाल नदीत हजारो ट्राउट मासे मेले. काठी खाण नव्हती, कारखाना नव्हता. दूरदूरच्या चिमण्यांचा गंधकी धूर हिवाळाभर बर्फातून उतरला होता, आणि पहिल्या वितळीबरोबर ते आम्ल एकदम नदीत आले. माशांच्या रक्तातले मीठ घटलेले आढळले. पण सारे आम्लानेच केले का? १९७९ साली क्रोनन व स्कोफील्ड या अमेरिकन संशोधकांनी दाखविले की, आम्ल पाऊस डोंगरातल्या मातीतील अॅल्युमिनियम विरघळवून ओढ्यांत आणतो. हा काही जड धातू नव्हे, पण वागणूक तीच. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तीही अॅल्युमिनियमचाच क्षार. गाळाला धरून बसविण्याचा जो गुण आपल्या हंड्यात उपकारक, तोच कल्ल्यावर घातक. यात अंडी बरीच तग धरतात. अंड्यातून नुकते निघालेले पिलू मात्र टिकत नाही, आणि त्याच्या निघण्याचे दिवस नेमके बर्फ वितळण्याचेच.

१९८५ साली हेलसिंकी येथे गंधकाचा धूर ३० टक्क्यांनी कमी करण्याचा करार झाला. ब्रिटन त्यातून बाहेर राहिले. धूर एकाचा आणि मासे दुसऱ्याचे, म्हणजे हिशेब लांबणारच, असे आम्हांस वाटते.

आता एक चमत्कारिक गोष्ट. स्टीलहेड ट्राउटच्या पिलांवरील प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत तेवढेच कॅडमियम, तांबे वा जस्त आम्ल पाण्यात कमी मारक ठरले! आम्लाचे कण कल्ल्यावरच्या जागा आधीच रुमाल टाकून धरून ठेवतात. धातूला बसायला जागा उरत नाही. मग आम्ल माशाचे मित्र म्हणावे काय? मुळीच नाही. खडकातून आणि खाणीच्या राडारोड्यातून धातू सोडवून आणणारे तेच. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर आम्ल ओढा स्वच्छ नदीला मिळतो ती जागाच सर्वांत वाईट. तेथे आम्लता उतरते, धातूचे कण एकमेकांना चिकटू लागतात, आणि कल्ला समोर असला की त्यावरच थर धरतात. म्हणून नॉर्वेत आम्ल नद्यांत चुनखडीची पूड सोडू लागल्यावरही जपावे लागले. पूड पडते त्याच्या लगेच खालच्या अंगाला, पाणी निवळेपर्यंत, पिलांची वाट बिकटच असते.