पन्नास वाव

कोकणातल्या मच्छीमाराला पाणी किती खोल आहे असं विचारलं, तर तो मीटरमध्ये सांगत नाही. 'दहा वाव पाणी आहे' म्हणतो. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढं अंतर, तेवढा वाव. वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडायची आणि तळ लागला की वर ओढताना हात पसरून मोजायची. संस्कृतमधला 'व्याम' झिजत झिजत आपल्याकडे वाव झाला. इंग्रज खलाशांचा 'फॅदम' याच कल्पनेतला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पसरलेले बाहू, आणि माप सहा फूट.

१९५३ साली स्वित्झर्लंडच्या व्हिलरे गावातल्या ब्लॉंपँ कंपनीनं एक मनगटी घड्याळ आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'फिफ्टी फॅदम्स'. पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर. पाठीवर टाकी घेऊन उतरणाऱ्या पाणबुड्याची ती हद्द, असं तेव्हा मानलं जाई. काळी डायल, अंधारात चमकणारे जाड काटे आणि काचेभोवती फिरणारं मिनिटांचं कडं हे त्याचं रूप. जुनी डायव्हिंग घड्याळं जमवणारे आम्ही लोक आज ज्या रूपासाठी दुकानं धुंडाळतो, ते रूप इथे पक्कं झालं.

या घड्याळांची गोष्ट बहुतेक वेळा पाण्यापासून सुरू होते: किती मीटर खोलीपर्यंत पाणी आत शिरत नाही वगैरे. मला ती कड्यापासून सांगावीशी वाटते. पाणी बाहेर ठेवणारं घड्याळ आधीच झालं होतं. पाणबुड्याचं घड्याळ झालं ते या कड्यामुळे.

घड्याळात पाणी शिरायला तीन वाटा असतात: काचेची कड, मागचं झाकण आणि चावीचं भोक. त्यातली चावी सगळ्यांत अवघड, कारण ती रोज फिरवावी लागते. १९२६ साली रोलेक्सनं 'ऑयस्टर' आणलं. त्यात झाकणाला आटे होते आणि चावीलाही आटे होते. चावी देऊन झाली की ती बाटलीच्या बुचासारखी पिळून बंद करायची. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश खाडी पोहून गेलेली पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. तिच्या पराक्रमावर शंका घेतली गेली, म्हणून त्याच महिन्यात ती पुन्हा पाण्यात उतरली, आणि या वेळी तिच्या गळ्यात ऑयस्टर होतं. दहा तासांहून जास्त टिकल्यानंतर थंडीमुळे तिला बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालू होतं. नोव्हेंबरात 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर रोलेक्सची जाहिरात झळकली. १९३२ साली ओमेगानं 'मरीन' काढलं. त्यात एका डबीत दुसरी डबी बसवून पाणी अडवलं होतं.

ही घड्याळं पाण्यात टिकत होती, पण त्यांच्यावर कोणाचा जीव अवलंबून नव्हता. तेव्हाचा पाणबुडा तांब्या-पितळेचं शिरस्त्राण घालून उतरे. होडीतल्या पंपातून नळीनं त्याला हवा मिळे आणि तो खाली किती वेळ आहे हे वरचा माणूस बघे. वेळ झाली की दोरीला हिसका बसे. थोडक्यात, पाणबुड्याचं घड्याळ होडीत होतं.

१९४३ साली फ्रेंच नौदलातला झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी अक्वालंग तयार केलं. पाठीवर दाबलेल्या हवेच्या टाक्या आणि तोंडाशी मागेल तेवढीच हवा सोडणारी झडप. नळी तुटली आणि माणूस माशासारखा मोकळा झाला. पण वरून हिसका देणारंही कोणी उरलं नाही. टाकीतली हवा मोजकी. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो, त्यामुळे तीस मीटरवर एका श्वासाला पृष्ठभागावरच्या चौपट हवा लागते. शिवाय दाबाखाली रक्तात आणि शरीरात नायट्रोजन मुरत जातो. जास्त वेळ राहून घाईनं वर आलं, तर सोडावॉटरची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात, आणि माणूस लुळा पडू शकतो, प्रसंगी मरतो.

म्हणून पाणबुड्याला किती वाजले याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला कळायला हवं असतं की उतरून किती मिनिटं झाली. यासाठी उतरतानाची वेळ लक्षात ठेवून वजाबाकी करावी लागते. तीस-चाळीस मीटर खाली तोच नायट्रोजन डोक्यावर चढतो, दारू चढावी तसा. तिथे सोपी वजाबाकीही चुकते. ही वजाबाकी माणसाच्या डोक्यातून काढून घड्याळाच्या कड्यावर ठेवली, एवढाच तो शोध. पाण्यात उतरताना कड्यावरचं त्रिकोणी चिन्ह मिनिटकाट्यासमोर आणायचं. पुढे काटा कड्यावरच्या ज्या आकड्यापाशी असेल, तितकी मिनिटं झाली.

फिरतं कडं त्याआधी आकाशात वापरलं गेलं होतं. अमेरिकन नौदलातले अधिकारी फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स यांनी वैमानिकांना दिशा काढताना सेकंद अचूक जुळवता यावेत म्हणून तशी युक्ती काढली, आणि लॉन्जीननं तशी घड्याळं केली. ती युक्ती पाण्याखाली जाण्याचं एक कारण ब्लॉंपँच्या प्रमुखाच्या अंगावर बेतलेला प्रसंग होता.

झां-झाक फिश्टर १९५० साली ब्लॉंपँमध्ये आला. त्याची आत्या बेटी फिश्टर हिनं १९३३ साली ही कंपनी विकत घेतली होती. स्विस घड्याळाच्या धंद्यात बाई मालक ही तेव्हा फारच दुर्मीळ गोष्ट. फिश्टरला डुबकीचं वेड होतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एकदा वेळेचं भान सुटलं, टाकीतली हवा संपली आणि त्याला जीव मुठीत धरून घाईनं वर यावं लागलं. परतल्यावर त्यानं पाणबुड्याच्या गरजा ध्यानात घेऊन घड्याळ आखलं. चावीच्या दांड्यावर एकाऐवजी दोन रबरी कडी बसवली, म्हणजे खाली चुकून चावी ओढली गेली तरी पाणी अडेल. मागच्या झाकणाचं रबर आटे पिळताना मुडपू नये म्हणून त्याला वेगळी खाच दिली. मशीन ऑटोमॅटिक घेतलं, कारण हात हलला की चावी आपोआप भरली जाते आणि ती रोज फिरवावी लागत नाही. आणि काचेभोवतीचं कडं असं केलं की दाबल्याशिवाय ते फिरायचंच नाही.

त्याच सुमारास, १९५२ साली, फ्रेंच सैन्यात पाण्याखालून हल्ला करणाऱ्या जवानांची तुकडी उभी राहत होती. कॅप्टन रोबेर मालुबिए आणि लेफ्टनंट क्लोद रिफो तिच्यासाठी घड्याळ शोधत होते. बाजारातलं काहीच उतरेना, तेव्हा हवं ते त्यांनीच कागदावर उतरवलं: काळी डायल, ठळक आकडे, अंधारात दिसणाऱ्या खुणा, बाहेर फिरणारं कडं. लिप या फ्रेंच कंपनीनं नकार दिला. ते फिश्टरकडे गेले तर त्याचं घड्याळ जवळजवळ तयारच होतं. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच गरजेतून एकच वस्तू कल्पिली होती. रोलेक्सचं 'सबमरीनर' आणि झोडियाकचं 'सी वुल्फ' ही घड्याळंही त्याच काळातली. १९५६ साली कुस्तोच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या माहितीपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातल्या पाणबुड्यांच्या मनगटावर फिफ्टी फॅदम्स होती.

कड्याची जडणघडण इथे थांबली नाही. पुढे ते एकाच दिशेनं, काट्यांच्या उलट, फिरणारं करण्याची रीत रुळली. खडकाला किंवा टाकीच्या पट्ट्याला घासून कडं सरकलंच, तर लोटलेली मिनिटं खरी असतील त्यापेक्षा जास्तच दिसावीत. पाणबुडा लवकर वर आला तर फक्त थोडी हवा शिल्लक राहते. चूक होणारच असेल तर ती जिवाच्या बाजूनं व्हावी, असा विचार त्या दात्यांमध्ये आहे. माझ्या माहितीतल्या यंत्रांमध्ये यापेक्षा माणुसकीचा पुर्जा मी पाहिलेला नाही.

माणूस आणखी खोल गेला तसे प्रश्न बदलले. खोल पाण्यात दिवसच्या दिवस दाबाच्या कोठडीत राहणाऱ्या पाणबुड्यांना हेलियम मिसळलेली हवा देतात. हेलियमचे अणू इतके बारीक की ते रबरातून घड्याळात शिरतात आणि दाब कमी करताना आतून रेटून काच उडवतात. रोलेक्स आणि डॉक्सा यांनी तो वायू सोडणारी झडप बसवली. १९६८ साली जपानमधल्या कुरे इथल्या एका पाणबुड्यानं आपलं घड्याळ असं निकामी झाल्याचं सायकोला पत्रानं कळवलं. कंपनीनं सात वर्षं खपून १९७५ साली ६०० मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ काढलं. त्यात हेलियमला शिरायलाच वाव ठेवला नव्हता, त्यामुळे झडप लागली नाही.

या कुळाची एक फांदी मुंबईपर्यंत येते. फाव्र-लूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत होती. तिची 'सी चीफ' आणि 'सी किंग' ही घड्याळं आपल्याकडच्या कित्येक घरांत लग्नात किंवा नोकरी लागल्यावर आली, कपाटात जपली गेली. याच कंपनीनं १९६८ साली 'बाथी' काढलं. त्याच्या पाठीला भोकं होती. त्यातून पाणी शिरून एका पातळ पडद्यावर दाबायचं आणि तो पडदा डायलवरचा काटा फिरवायचा. किती वाव पाणी आहे हे मनगटावरच कळू लागलं.

मग क्वार्ट्झ आलं, पाठोपाठ खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग स्वतःच मोजणारे डुबकीचे संगणक आले. जुन्या घड्याळांची नोकरी संपली आणि ती जमवणाऱ्यांच्या हाती पडू लागली.

माझ्याकडे एक सायको आहे, १५० मीटरचं, उशीसारख्या गुबगुबीत केसचं. पाठीवरच्या क्रमांकाचा पहिला आकडा सात. सायकोच्या क्रमांकात पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. हे मॉडेल १९७६ ते १९८८ मधलं, म्हणजे १९७७ किंवा १९८७. घड्याळजींनी झाकण उघडलं तेव्हा रबराचं कडं डांबरासारखं चिकट झालं होतं, चिमट्यानं ओढताना त्याचे तुकडे पडले. काचेभोवतीच्या फिरत्या कड्याच्या खाचेत राखाडी मीठ साचलं होतं. म्हणजे ते खरंच समुद्रात गेलं होतं. डायलवर नवा रंग चढवून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

जमवणाऱ्याला कळायला हवं ते एवढंच. आपल्या बाजारात नव्यानं रंगवलेल्या डायली खूप. अक्षरं जाड, कडा फुगीर, खुणा भलत्याच पांढऱ्या. अस्सल जुन्या खुणा सायीसारख्या पिवळट झालेल्या असतात. १९६० च्या दशकापर्यंतच्या घड्याळांत रेडियम असतं. चमकणं थांबलं तरी त्याचा किरणोत्सार संपत नाही, म्हणून ते केस घरी उघडायचे नाहीत, खुणा खरवडायच्या नाहीत. नंतर ट्रिटियम आलं. दर बारा वर्षांनी ते निम्मं होतं, म्हणून ती घड्याळं आता अंधारात आंधळी असतात. केस पॉलिश करू नये. कडा एकदा गोल झाली की परत येत नाही. आणि जुनं डायव्हिंग घड्याळ पाण्यात नेऊ नये, पाठीवर किती का मीटर लिहिलेले असेनात.

नवं रबर बसवून घड्याळ घरी आणलं तेव्हा मी फक्त कडं फिरवलं. मीठ निघाल्यामुळे ते मोकळं झालं होतं. त्रिकोण काट्यासमोर आणला आणि चहा ठेवला. हातांनी समुद्राची खोली मोजणाऱ्या माणसानं त्याच हाताच्या मनगटावर आपले श्वास मोजायची सोय केली. माझ्याकडचं कडं आता चहाची पाच मिनिटं मोजतं. काटा पाचवर आला की मी गॅस बंद करतो.