‘आमच्यातली एक’

पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला, संपादक अ. भि. शहा. धर्मांतराचा वाद पाहावा म्हणून मी तो ग्रंथ उघडला, आणि अडकलो एका लहान मुलीच्या संगोपनात.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. वडील बिपिनबिहारी मेधावी आदल्याच वर्षी वारले होते. वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत, आणि याच आजीबाईंशी त्यांचे खटकेही उडत.

मुलीने नम्र व्हावे, ही दोघींचीही इच्छा. पण सिस्टरांच्या लेखी नम्रता म्हणजे चर्चने आखून दिलेल्या चौकटीतली आज्ञाधारकता. रमाबाईंच्या शाकाहारातसुद्धा त्यांना अहंकाराचा वास येई. रमाबाईंची धास्ती अगदी निराळी होती. इंग्रजी वळणात वाढलेली मनो उद्या मायदेशी परतली आणि तिला आपल्याच माणसांची लाज वाटू लागली तर? तिने आमच्यातलीच एक व्हावे, परकी किंवा वरचढ नव्हे, असे त्यांनी सिस्टरांना निक्षून कळवले. धर्म बदलला म्हणून मुलगी चार पायऱ्या वर चढली, असे या आईला मुळीच मान्य नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या वादांत इतका नेमका मुद्दा मला क्वचितच सापडला आहे.

तरीही १८८६ साली अमेरिकेत गेल्यावर याच आईने पाच वर्षांच्या मनोला पुन्हा वाँटेजला धाडले आणि विधवाश्रमासाठी पैसा उभा करत स्वतः गावोगाव व्याख्याने दिली. ज्या परकेपणाची भीती, त्याच्याच हवाली मूल! त्या व्याख्यानांतून १८८९ साली मुंबईत शारदा सदन उभे राहिले, हे खरे. पण त्याची किंमत त्या पोरीनेही मोजली, हे आपल्या चरित्रकारांनी फारसे मनावर घेतलेले नाही.

मनोरमा अमेरिकेत शिकून परतली ती थेट कामात. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तोवर केडगावात होत्या. तिने शारदा सदन सांभाळले, पुढे गुलबर्ग्याची शाळाही. थकलेल्या रमाबाईंनी तिला वारस नेमले खरे, पण जुलै १९२१मध्ये, चाळिशीतच, ती गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या.