न मोजलेली गिधाडे

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. विदर्भातल्या इतर गावांप्रमाणे इथली शेतीही बैलांवर चाले, आणि मेलेले जनावर गावाबाहेर नेऊन टाकण्याची रीत सगळीकडेच होती. अशा जनावरावर गिधाडे उतरत. या भागातल्या साठी ओलांडलेल्या माणसांजवळ हा विषय काढून पाहा. किती असायची, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच येईल : "लय!" लय म्हणजे वीस की दोनशे, आणि ती नाहीशी झाली कोणत्या साली, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. यात आम्ही कोणाला दोष देत नाही. अंगणातल्या चिमण्या आपण तरी कुठे मोजून ठेवतो?

शिकारी पक्ष्यांच्या मोजणीतला एक गाजलेला अध्याय तर चक्क तक्रारीतून सुरू झाला. १९६० च्या सुमारास ब्रिटनमधल्या शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले की, बहिरी ससाणे फार माजले आहेत, त्यांना दिलेले कायद्याचे संरक्षण काढून घ्या. शहानिशा करण्यासाठी १९६१-६२ मध्ये देशभर पाहणी झाली. डेरेक रॅटक्लिफ हे तिचे सूत्रधार. पण कडेकपारी चढून घरट्यांच्या जागा पाहिल्या त्या बव्हंशी हौशी पक्षिनिरीक्षकांनी. ससाणा पिढ्यान्‌पिढ्या त्याच कड्यावर घर करतो. त्यामुळे जुन्या जागा माहीत होत्या, आणि रिकामा कडा हीसुद्धा एक नोंद ठरली. ससाणे वाढले नव्हतेच. महायुद्धापूर्वीच्या निम्म्यावर आले होते! पुढे रॅटक्लिफ यांनी संग्राहकांच्या पेट्यांमधली जुनी अंडी तपासली. १९४७ च्या सुमारापासून अंड्यांचे कवच पातळ होत गेल्याचे दिसले. डी.डी.टी. शेतात येऊ लागले ते याच काळात. घरट्यातून अंडी पळवणाऱ्यांचा छंद असा उपयोगी पडावा, याला काय म्हणावे?

आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत असेच झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश १९८० च्या दशकात भरतपूरला शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. गिधाडे संकटात आहेत असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. तरी त्यांनी घरटी मोजली. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी होती. १९९६-९७ मध्ये ती १५० भरली, आणि त्यानंतर दोनच वर्षांत २० उरली. माना टाकून बसलेले पक्षी झाडांवरच मरत होते. हे काम पगारी शास्त्रज्ञाचे होते, स्वयंसेवकाचे नव्हे; पण आधीचा आकडा वहीत होता म्हणूनच घट ओळखता आली. १९९१ ते १९९३ दरम्यान रस्त्यांवरून शिकारी पक्ष्यांची एक सर्वसाधारण पाहणीही झाली होती. तेच रस्ते पुन्हा धुंडाळल्यावर हिशेब लागला : १९९२ साली जिथे हजार गिधाडे होती, तिथे २००७ साली एक.

कारण २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून कळले. गुरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करते. एका जनावरावर डझनावारी पक्षी जेवतात. त्यामुळे शंभरात एकाहूनही कमी जनावरे दूषित असली तरी एवढा संहार होऊ शकतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून झालेली तूट लवकर भरून येत नाही. गुरांसाठी या औषधाच्या वापरावर भारतात २००६ साली बंदी आली. किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्यावर २०२३ साली.

महाराष्ट्रात राहिलेल्या गिधाडांवर लक्ष ठेवणारी माणसे गावांतून उभी राहिली. रायगड जिल्ह्यातल्या चिरगावला प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या 'सीस्केप' संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे घरट्यांवर नजर ठेवून आहेत. गडचिरोलीत वनखात्याने गावकऱ्यांमधूनच 'गिधाडमित्र' नेमले.

राहिला प्रश्न ढाणकीचा. गिधाडांचा जुना आकडा आता कुठून आणणार? पण उमरखेड रस्त्याच्या कडेला विजेच्या तारांवर कापशी बसते, हिवाळ्यात शेतांवरून भोवत्या घिरट्या घालतो. हे आज नेहमीचेच पक्षी आहेत. देशातल्या तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली जो अहवाल निघाला, त्यात मांसाहारी पक्ष्यांची घट सर्वांत मोठी दिसते. एस.टी.ने ये-जा करणाऱ्या शिक्षकाला महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खिडकीच्या बाजूच्या तारांवरच्या कापश्या सहज मोजता येतील. तारीख, वेळ, कोठून कोठपर्यंत, किती, एवढे लिहिले की झाले. एकही दिसली नाही तर शून्य लिहावे, रकाना कोरा ठेवू नये. आणि वही शाळेच्या कपाटात राहू द्यावी, कारण शिक्षकांच्या बदल्या होतात.