जुन्या संगणक-फितींतील मराठी

कागद जपून ठेवण्याची सवय आम्हां सीमावासीयांना परिस्थितीनेच लावली. जमिनीचे उतारे, शाळांचे दाखले, ठरावांच्या प्रती आम्ही पेटीत घालून ठेवल्या. पुढे लेखन संगणकावर होऊ लागले; त्याच्या राखणीचा विचार मात्र आम्ही फारसा केला नाही.

१९८०च्या दशकात संगणकातील मजकुराची राखीव प्रत ठेवण्यासाठी पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीची कार्ट्रिज वापरली जाई. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने ती १९७२ मध्ये आणली. पुढे ६०० फूट फितीवर ६० मेगाबाइट मजकूर मावू लागला. तिची रचना कल्पक होती. आतील फीत एका ताणलेल्या लवचिक पट्ट्याच्या जोरावर चाले; यंत्राचा रबरी रूळ कार्ट्रिजमधील एका चाकाला टेकला की पट्टा फिरे आणि त्याबरोबर फीतही सरके.

हीच कल्पकता आज घातक ठरते. काळाने पट्टा सैल पडतो, तुटतो किंवा फितीला चिकटून तिच्यावरील चुंबकीय थरच उचकटतो. फितीची टोके चाकांना बांधलेली नसतात. टोकाजवळची छिद्रे प्रकाशाच्या साहाय्याने ओळखून यंत्राने थांबायचे असते. ती ओळख चुकली तर फीत चाकावरून सुटते. यंत्रातील रूळाच्या रबराचाही चिकट लगदा होतो. काही फितींत थर धरून ठेवणारे द्रव्य हवेतील ओलावा शोषून चिकट बनते.

म्हणून जाणकार जुनी कार्ट्रिज थेट यंत्रात घालत नाहीत. ती उघडून पट्टा बदलतात, यंत्राचा रूळ नव्याने बसवतात. ओल धरलेली फीत सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत कित्येक तास ठेवतात. हा गुण तात्पुरता असतो. तेवढ्या अवधीत फीत वाचून घ्यावी लागते. अर्थ लावण्याआधी सगळ्या मजकुराची जशीच्या तशी प्रत घेतात, कारण दुसरी संधी मिळेलच असे नाही.

एवढे करूनही हाती येतात ते केवळ आकडे. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून सुरू होतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाण केलेल्या 'इस्की' संकेतप्रणालीत देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांना एकच क्रमांक आहे. लिपी कोणती, हे वेगळ्या खुणेने सांगायचे. युनिकोडने मात्र दोन्ही लिप्यांना स्वतंत्र क्रमांक दिले. ती खूण हरवली, तर यंत्र आपला मराठी मजकूर कन्नड लिपीतही बिनतक्रार दाखवील. यात कोणाचे कारस्थान नाही. यंत्राला भाषा कळत नाही, इतकेच. छपाईसाठीच्या अनेक फॉन्टांचे संकेत तर सर्वस्वी निराळे होते. तो फॉन्ट नसेल, तर संपादकीय काय आणि कविता काय, सारी निरर्थक चिन्हांची रांग!

तात्पर्य, फीत वाचली म्हणजे भाषा वाचली असे होत नाही. मजकूर कोणत्या भाषेत, कोणत्या फॉन्टमध्ये, कोणत्या संगणकावर लिहिला गेला, हे सांगणारी पिढी आता थकत चालली आहे. आपल्या संस्थेच्या किंवा छापखान्याच्या कपाटात अशी कार्ट्रिज सापडल्यास ती चालवून पाहू नये. ती कोरड्या, थंड जागी ठेवावी, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांच्याकडे जाऊन या तीन गोष्टी आधी कागदावर उतरवून घ्याव्यात. पट्टा उद्याही बदलता येईल. ती माणसे उद्या भेटतीलच, असे आम्हांला म्हणवत नाही.