डम्पिंग ग्राउंडला वारंवार आग का लागते?

जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार डम्पिंग ग्राउंडला मोठी आग लागली. ती अनेक दिवस धुमसत होती. धूर उपग्रहाच्या फोटोंतही दिसला, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आगींमागचं एक मोठं कारण घरातून जाणारा ओला कचरा आहे.

मिथेन कसा तयार होतो?
भाजीची देठं, फळांची सालं, उरलेलं अन्न ढिगाखाली दबलं की त्याला हवा मिळत नाही. ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू ते कुजवतात आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो. हा वायू ज्वलनशील असतो. ठिणगी पडली की तो पेट घेतो आणि प्लास्टिक, कापड, कागद आग वाढवतात. वरून पाणी मारलं, तरी आत ती धुमसत राहते.

ओला कचरा वेगळा ठेवला तर?
कंपोस्टमध्ये हवा खेळती असल्याने मिथेन फारसा तयार होत नाही आणि खत मिळतं. बायोगॅस प्रकल्पात हाच मिथेन बंद टाकीत साठवून इंधन म्हणून वापरतात.

जुन्या ढिगांचं काय?
त्यासाठी बायोमायनिंग करतात. जुना कचरा खणून, चाळून माती, प्लास्टिक, धातू वेगळे काढले जातात. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद केल्यावर तिथे हीच पद्धत वापरली गेली.

देवनारच्या आगीनंतर त्याच वर्षी आलेल्या नियमांनी घरातच कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं. पण दोन डब्यांतला कचरा गाडीत पुन्हा एकत्र झाला, तर मिथेन तयार होतच राहतो.