पेरायचा दाणा, खायचा दाणा

बीडकडच्या शेतकऱ्याच्या घरी बियाण्याची ज्वारी वेगळी ठेवीत. राख चोळावी, कडुनिंबाचा पाला घालावा, कणगी लिंपून टाकावी, एवढाच तिचा बंदोबस्त. दुष्काळ अंगावर आला की तीच कणगी जड हाताने फोडावी लागे. बियाणे खाणे ही दैन्याची परिसीमा खरी. परंतु त्या भाकरीने कोणी मरत नसे.

विसाव्या शतकात बियाण्याला पाऱ्याची औषधे लागली आणि हा शेवटचा आधार तुटला. 1971 साली इराकने परदेशातून गहू व जव मिळून सुमारे 95,000 टन बियाणे आणविले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मेथिल पाऱ्याचे औषध चोळलेले होते आणि ओळखीसाठी तांबूस रंग दिलेला होता. माल पोचेतो पुष्कळ ठिकाणी पेरणी उरकली होती. पोत्यांवरचा इशारा स्पॅनिश व इंग्रजीत. तो वाचणार कोण? दाणे धुतले, रंग गेला, पारा राहिला. हे विष आठवडेच्या आठवडे दबा धरून बसते. मग हातपाय बधिर होतात, दृष्टी जाते. इस्पितळांत 6,530 रोगी आले, त्यांतले 459 दगावले.

1972 साली बीडमध्येही दुष्काळ होता. दिवसभर खडी फोडून माणसे रेशनची परदेशी तांबडी मिलो घरी नेत. ती खाण्यासाठीच आलेली होती; पण नेणाऱ्यापाशी त्याला पुरावा काय होता? देणाऱ्यावरचा विश्वास, एवढाच.

तांदळाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. चीनमधील वानशान येथे पाऱ्याच्या खाणी होत्या. तेथील खाचरांत साचलेल्या पाण्याखाली, चिखलातले जंतू साध्या पाऱ्याचा मेथिल पारा करतात आणि तो भाताच्या दाण्यात उतरतो. प्रमाण इराकच्या मानाने फार थोडे. पण तेथल्या माणसांच्या पोटात हे विष मासळीपेक्षा भातातूनच अधिक जाते. इथे रंग नाही, इशाराही नाही.

भारताने बियाण्याचे पारायुक्त औषध 2018 साली बंद केले, हे उत्तम झाले. परंतु बीडच्या ताटातला तांदूळ दुरून येतो. पूर्वी पेरणारा आणि खाणारा एकच असे. कणगीत काय घातले ते त्याला ठाऊक असे. आता ते शोधणे प्रयोगशाळेचे काम आहे. तिने ते करावे आणि जे आढळेल ते खाणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत सांगावे.