कापसाच्या वाटेने ओसाका

मुंबईहून जपानला जाणारी वाट कुणी पाडली, असं विचारलं तर बहुतेक जण भगवान बुद्धांचं नाव घेतील, काही जण नेताजींचं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण नुसत्या मुंबईपुरतं बोलायचं, तर ही वाट पाडली कापसाने. वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीत पिकलेल्या, गाठी बांधून मुंबई बंदरात आलेल्या कापसाने. ही गोष्ट सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे आणि आज ती फारशी कुणाला आठवत नाही.

मला ती आठवण्याचं कारण घरगुती आहे. यंदा आम्ही नवरा-बायको पाच दिवसांसाठी ओसाकाला जाऊन यावं म्हणतोय. चारकोपला आमची पस्तीस घरांची सोसायटी आहे, मधोमध चौक. म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने १९८०च्या दशकात पाडलेल्या छोट्या भूखंडांवर ही वस्ती उभी राहिली. आमच्या शेजारात लालबाग-परळहून आलेली बरीच कुटुंबं आहेत. संध्याकाळी चौकात बसलं की अजून एखादे आजोबा ‘साचेखातं’, ‘मागखातं’ असे शब्द सहज बोलून जातात. आमचा बेत ऐकल्यावर त्यांच्यापैकी एकाने विचारलं, “ओसाका? म्हणजे आमच्या गिरण्यांना घाम फोडणारं तेच ना?” तेच. मग मी सहलीची माहितीपत्रकं बाजूला ठेवली आणि इतिहासाची पुस्तकं काढली.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागलं. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबईत गिरण्यांची रांग लागली. त्यांचं सूत केवळ इथल्या हातमागांसाठी नव्हतं. ते बोटीत भरून चीनला जाई आणि जपानलाही जाई. म्हणजे सुरुवातीला मुंबई विकणारी होती आणि जपान घेणारा.

हे चित्र पालटायला फार वेळ लागला नाही. शिबुसावा एइइची या उद्योजकाच्या पुढाकाराने १८८२ मध्ये ‘ओसाका बोसेकी’ ही सूतगिरणी स्थापन झाली आणि १८८३ मध्ये ती चालू झाली. चात्या साडेदहा हजार. गिरणी रात्रंदिवस दोन पाळ्यांत चाले आणि १८८६ मध्ये तिथे विजेचे दिवे आले. त्याच सुमाराला जपानी गिरण्यांनी जुने म्यूल साचे सोडून रिंग साचे घ्यायला सुरुवात केली. म्यूल चालवायला कसबी कामगार लागे, रिंग नवख्या हातांनाही जमे. गंमत अशी, की रिंग साच्यांची कसोटी आपल्याकडे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये लवकरच झाली होती. ती गिरणी जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केली. पण मुंबईच्या बऱ्याच मालकांनी जुने साचे लगेच सोडले नाहीत.

गिरणी उभी राहिली, आता तिला कापूस हवा. हिंदुस्थानचा कापूस आखूड धाग्याचा, पण स्वस्त. ओसाकाच्या लोकांनी तो इतर जातींच्या कापसात मिसळून चांगलं सूत काढण्याची कला साधली. अडचण राहिली ती भाड्याची. मुंबईहून पूर्वेकडे जाणारी मालवाहतूक इंग्रजांची पी अँड ओ कंपनी, एक ऑस्ट्रियन आणि एक इटालियन कंपनी, अशा तिघींच्या हातात होती. तिघींनी संगनमत करून दर चढे ठेवले होते.

१८९३ मध्ये जमशेटजी स्वतः जपानला गेले, शिबुसावांना भेटले. ‘निप्पॉन युसेन काइशा’ या जपानी जहाज कंपनीबरोबर बोलणी झाली आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबे बंदरातून मुंबईकडे निघालं. जपानची दूरच्या समुद्रावरची ही पहिली नियमित जहाजसेवा. न्यूयॉर्कची नव्हे, लंडनची नव्हे, मुंबईची. त्याच वर्षी स्वामी विवेकानंदही मुंबईहून निघून कोबे, ओसाका, क्योटो, टोकियो पाहत योकोहामाला पोहोचले आणि तिथून अमेरिकेच्या बोटीत बसले. त्या बोटीवर त्यांना टाटांची सोबत होती.

पी अँड ओने उत्तर म्हणून भाडं पाडलं, इतकं की मालकाला कोळशाचे पैसेही सुटू नयेत. इथे दोन शहरांमधला फरक दिसतो. ओसाकाच्या गिरणीमालकांनी एकमेकांना शब्द दिला होता, की माल आपल्याच जहाजाने आणायचा. स्वस्त भाड्याचा मोह दाखवला तरी ते फुटले नाहीत. मुंबईचे व्यापारी फुटले. टाटांनी भाड्याने घेतलेल्या जहाजांना माल मिळेना आणि टाटांची जहाज कंपनी बंद पडली. जपानी जहाजं मात्र टिकली आणि दोन-तीन वर्षांत पी अँड ओला त्यांच्याशी तडजोड करावी लागली.

संकटंही नेमकी त्याच वेळी आली. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. रुपया चांदीपेक्षा महाग झाला आणि चांदीवर व्यवहार करणाऱ्या चीनमध्ये मुंबईचं सूत महागलं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, कामगार गावाकडे पळाले. उलट जपानने १८९४ मध्ये सुतावरचा निर्यात कर आणि १८९६ मध्ये कापसावरचा आयात कर काढून टाकला. १८९७ मध्ये जपानने बाहेरून जेवढं सूत घेतलं, त्याहून जास्त बाहेर विकलं. चौदा वर्षांत गिऱ्हाईक दुकानदार झालं.

पुढे तर जपानी कापडच मुंबईच्या बाजारात आलं. १९३३ मध्ये कापडाच्या निर्यातीत जपानने इंग्लंडलाही मागे टाकलं. मुंबईचे गिरणीमालक ओरडू लागले आणि सरकारने जून १९३३ मध्ये ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. जपानी गिरण्यांनी उत्तर दिलं: मग तुमचा कापूस आम्हाला नको. आता ओरडायची पाळी शेतकऱ्याची. गिरणीला जपान शत्रू वाटत होता, तर शेताला तोच गिऱ्हाईक होता. शेवटी सिमल्याला वाटाघाटी झाल्या आणि १९३४ मध्ये करार झाला. जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस उचलला तर त्याला ४० कोटी वार कापड इथे विकता येईल, अशी त्याची कमाल मर्यादा होती. वऱ्हाडातला शेतकरी आणि परळचा गिरणीमालक यांचं हित एकच असतं, हा समज त्या वर्षी मोडला. कापसाच्या भावावरून आजही वाद होतो तेव्हा मला तो करार आठवतो.

इथवर सांगितलं ते गाठींचं आणि वारांचं. आता माणसांचं सांगतो, कारण सहलीचा बेत करताना माझं मन तिथेच अडकलं.

मुंबईच्या गिरणीतला कामगार बहुतेक पुरुष. रत्नागिरीचा, साताऱ्याचा. एका खोलीत दहा-पंधरा जण, जेवण खानावळीत आणि बायको गावी, शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत. ओसाकाच्या गिरणीत नेमकं उलटं होतं. तिथे साच्यावर उभ्या होत्या खेड्यांतून आणलेल्या पोरी. बापाच्या हातावर उचल ठेवायची, मुलीला गिरणीच्या वसतिगृहात आणायचं आणि करार संपेपर्यंत ठेवायचं. हिंदुस्थानात १८९१च्या कारखाना कायद्याने बायकांची रात्रपाळी रोखली होती. जपानी पोरींची रात्रपाळी १९२९ मध्ये थांबली. तोवर कित्येकींना क्षयाने गाठलं आणि त्या दुखणं घेऊन गावी परतल्या.

आणि या दोन शहरांच्या मध्ये समुद्रावर होते आमचे कोकणी मुसलमान. पी अँड ओच्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, टंडेल, सारंग मोठ्या संख्येने असत. माझे आजोबा १९३०च्या दशकात बोटीवर खलाशी होते. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, कोबे ही नावं ते शेजारच्या गावांसारखी घेत. आजीला ती नावं पाठ होती, पण तिने मुंबईच्या पुढे काही पाहिलं नाही. आजोबा कुठे आहेत हे तिला महिना-दीड महिन्यानंतर कळायचं, तोवर ते दुसऱ्याच बंदरात असायचे. कापसाच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी एक जण निघालेला आणि एक जण मागे राहिलेला. जोडीने असं फार थोडे गेले.

जे गेले त्यांच्यातले काही कोबेला स्थिरावले. १९२३च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले पुष्कळ हिंदी व्यापारी कोबेला आले. हिंदी व्यापारी, तातार निर्वासित आणि इतर मुसलमान यांनी मिळून तिथे मशीद बांधायचं ठरवलं. आराखडा एका चेक वास्तुविशारदाने केला. १९३५ मध्ये उघडलेली ही जपानमधली पहिली मशीद. १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूचं शहर जळालं, मशीद उभी राहिली. १७ जानेवारी १९९५च्या भूकंपात कोबेत हजारो माणसं गेली, तेव्हाही ती उभी राहिली. काही लोक याला चमत्कार म्हणतात. मी म्हणतो, बांधणाऱ्यांनी सिमेंट चोरलं नव्हतं. परदेशात राहायला आलेला माणूस पक्कं बांधकाम करतो, तेव्हा तो तिथे कुटुंब आणायच्या विचारात असतो. त्याच कोबेत पुढे जैन मंदिरही झालं.

आता आमचा बेत. दिवस पाच, त्यातले जाण्या-येण्यात मोडणारे वेगळे. ओसाकाचा किल्ला यादीत पहिला होता. तो हिदेयोशीने १५८३ मध्ये बांधायला घेतला. पत्नीने विचारलं, “अहो, मूळचाच आहे का तो?” म्हटलं, “तटाचे दगड जुने आहेत, वरचा मनोरा १९३१चा, काँक्रीटचा.” ती म्हणाली, “मग त्याला अर्धा दिवस पुरे.”

उरलेला अर्धा दिवस आम्ही शहराच्या जुन्या व्यापारी पेठेला दिलाय. तिथे कापूस-व्यापाऱ्यांनी १९३१ मध्ये बांधलेली ‘मेंग्यो काइकान’ ही इमारत आहे. ती आतून पाहायची तर आधी चौकशी करावी लागते. सांगेनया भागात पहिल्या सूतगिरणीच्या जागी एक स्मारकशिळा आहे. तिथे पाहण्यासारखं काही नाही, फक्त उभं राहण्यासारखं आहे. ती गिरणी १९१४ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन ‘तोयोबो’ झाली. कंपनीचं नाव टिकलं, तिथले साचे गेले. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेले नाहीत. ओसाकाने मुंबईला हरवलं, असं आपण म्हणतो. पण नंतर स्वस्त मजुरीच्या शोधात सूत ओसाकालाही सोडून गेलं. शेवटी दोन्ही शहरांतले कामगार एकाच बाजूला उभे होते, हे कुणी त्यांना कधी सांगितलं नाही.

एक दिवस पूर्ण कोबेचा. ओसाकाहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत सान्नोमिया स्टेशन येतं, तिथून चालत मशीद. आसपास हलाल सामानाची दुकानं आहेत, त्यामुळे जेवणाची चिंता नाही. दुपारनंतर बंदरावर जायचं. ‘हिरोशिमा मारू’ याच बंदरातून निघालं होतं.

तुमच्यापैकी कुणी जपानचा विचार करत असेल, तर एवढंच सुचवतो. चेरीची फुलं जरूर पाहा, झगमगाट पाहा. पण निघण्याआधी एकदा हार्बरवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनला उतरा. कापसाच्या बाजाराचं नाव त्या फलाटाने अजून सांभाळलं आहे. आणि घरात, शेजारात गिरणीत राबलेलं कुणी असेल तर त्यांच्याशी बोलून घ्या. त्यांच्या बायकोशीही बोला. गावी राहून त्या काय करत होत्या, हे इतिहासाने लिहून ठेवलेलं नाही. ते सांगणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. जपान पुढच्या वर्षीही तिथेच असेल. त्यांच्याकडे मात्र याच आठवड्यात जायला हवं.